दुपारच्या वाहनकोंडीत गाडीचा एसी गरम हवा देतो: गॅस भरण्यापूर्वी काय तपासावे?

पर्वरीकर (धागाकर्ता)

नमस्कार. माझी पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक नऊ वर्षांची झाली आहे. तिच्या एसीतला एक दोष सकाळी अजिबात दिसत नाही आणि दुपारी मात्र हमखास डोके वर काढतो. सकाळी गोव्यातल्या पर्वरीहून वेर्ण्याला जाताना बांबोळीचा चढ आणि झुआरीचा पूल ओलांडेपर्यंत गाडीत उत्तम गारवा असतो. दुपारी तीनच्या सुमारास परतताना पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामामुळे रांगेत उभे राहावे लागते, आणि तिथे पंधरा-वीस मिनिटांत समोरच्या जाळ्यांतून कोमट, मग चक्क दमट-गरम हवा येऊ लागते. ब्लोअरचा जोर तेवढाच राहतो. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून हलत नाही. रस्ता मोकळा होऊन गाडीने चाळीसचा वेग घेतला, की दोन-तीन मिनिटांत गारवा परत येतो.

रांगेत असताना कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) क्लचचा, म्हणजे त्याला इंजिनाशी जोडणाऱ्या भागाचा, 'टक' असा आवाज होऊन एसी बंद पडतो आणि बराच वेळ पुन्हा लागत नाही, हेही लक्षात आले आहे. एका गॅरेजमध्ये नळीला हात लावून 'गॅस कमी झाला आहे, भरून घ्या' असे सांगण्यात आले. गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका ठिकाणी गॅस भरून झाला आहे, पण तो वजन करून भरला नव्हता. आता पुन्हा अंदाजाने गॅस भरून घेण्यापूर्वी नेमका दोष कुठे आहे हे समजून घ्यावे, अशी माझी इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

म्हापशाचा_वाटसरू

माझ्या गाडीलाही दर एप्रिलमध्ये थोडा गॅस भरावा लागतो आणि त्यानंतर उन्हाळा व्यवस्थित जातो. गाडी जुनी झाली की एवढे होणारच, असे मला वाटते. फार खोलात जाण्याऐवजी थोडा गॅस भरून पाहावा. खर्च फारसा नसतो आणि फरक लगेच कळतो.

शीतचक्र

गॅस भरण्याची घाई करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गाड्यांच्या एसीचे काम मी अनेक वर्षे केले आहे, आणि न मोजता भरलेल्या गॅसमुळे चांगले कॉम्प्रेसर निकामी झालेले पाहिले आहेत.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना गाडीतली उष्णता शोषतो आणि रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेर टाकतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील यांतून वर्षानुवर्षे अगदी थोडा गॅस झिरपतो हे खरे. परंतु दर वर्षी भरावा लागत असेल, तर कुठेतरी निश्चित गळती आहे, आणि ती बुजवल्याशिवाय भरलेला गॅस आपण हवेत सोडण्यासाठीच विकत घेत असतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ घडवतो. म्हणून म्हापशाच्या मित्रांनीही आपल्या गाडीची गळती या वर्षी शोधून घ्यावी. त्याविषयी नंतर स्वतंत्रपणे लिहितो.

पर्वरीकर, तुमच्या वर्णनात निदानाच्या दृष्टीने दोन गोष्टी मोलाच्या आहेत. ब्लोअरचा जोर शेवटपर्यंत टिकतो, याचा अर्थ कूलिंग कॉइलवर बर्फ धरून हवेची वाट बंद होत नाही. तसे झाले असते, तर हवा गरम होण्याआधी तिचा झोत मंदावला असता आणि एसी दहा मिनिटे बंद ठेवल्यावर तो पूर्ववत झाला असता. दुसरी गोष्ट म्हणजे वेग घेतल्यावर परतणारा गारवा. गाडी धावते तेव्हा बाहेरची हवा आपोआप कंडेन्सरमधून वाहते. गाडी उभी असते तेव्हा तेच काम एकट्या पंख्याच्या गळ्यात पडते. म्हणून माझा पहिला संशय कंडेन्सर आणि त्याचा पंखा यांच्यावर आहे. तरीही झिजलेला कॉम्प्रेसर आणि थोडा कमी गॅस ही दोन्ही दुखणीही सर्वप्रथम आयडलिंगमध्येच (गाडी उभी, इंजिन चालू असताना) उघडी पडतात, तेव्हा केवळ लक्षणावरून निकाल देणे योग्य होणार नाही. पुढील तपासण्या कराव्यात. पहिल्या तिन्हींसाठी गॅरेजची गरज नाही.

स्वयंपाकघरात वापरतात तसा सळईचा डिजिटल थर्मामीटर मधल्या जाळीत बसवून ठेवावा. गाडी सावलीत उभी करून, एसी कमाल थंडाव्यावर, ब्लोअर पूर्ण आणि आतलीच हवा फिरवण्याचे बटण चालू ठेवून आयडलिंगवर दहा मिनिटांनी आणि मग अर्ध्या तासाने तापमान टिपावे. 'थंड लागते' किंवा 'थंड लागत नाही' यावरून काहीही ठरत नाही, कारण उन्हातून आलेल्या माणसाला वीस अंशांची हवाही थंडच वाटते.

त्यानंतर बोनेट उघडून पंखा पाहावा. पंखा फिरतो आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. तो पुरेशी हवा ओढतो आहे का, हा खरा प्रश्न आहे. वर्तमानपत्राचा एक कागद पुढून ग्रिलवर धरला, तर तो कंडेन्सरकडे ओढला जाऊन घट्ट चिकटून राहिला पाहिजे. कागद निसटून पडत असेल तर पंखा दुबळा आहे किंवा कंडेन्सरच्या पट्ट्या चोंदल्या आहेत.

तिसरी तपासणी सर्वांत बोलकी आहे. एसी गरम हवा देऊ लागला, की बागेतल्या फवाऱ्याने ग्रिलमधून कंडेन्सरवर स्वच्छ पाण्याचा हलका फवारा मारत राहावे. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांवर पाणी उडणार नाही याची काळजी घ्यावी. क्लच पुन्हा लागून जाळीतले तापमान काही मिनिटांत झपाट्याने उतरले, तर उष्णता बाहेर टाकण्यातच अडचण आहे हे सिद्ध होते. कॉम्प्रेसर झिजलेला असेल किंवा गॅस कमी असेल, तर या फवाऱ्याने एवढा मोठा फरक पडत नाही.

हे करताना पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, हे कृपया विसरू नये. सैल बाही, ओढणी आणि बोटे पंख्यापासून दूर ठेवावीत.

वास्कोवासी

शीतचक्र यांच्या लेखनात एका स्थानिक कारणाची भर घालतो. आमच्या बोगदा-बायणा भागात, तसेच मिरामार आणि दोनापावलाच्या किनाऱ्यालगत रात्रंदिवस उभ्या असणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सरच्या ॲल्युमिनियम पट्ट्या खाऱ्या वाऱ्याने काही वर्षांत भुकटीसारख्या झडू लागतात. बाहेरून नळ्या शाबूत दिसतात, पण पट्टी आणि नळी यांचा जोड सुटल्यामुळे उष्णता पट्टीपर्यंत पोहोचतच नाही. बॅटरी टॉर्चने ग्रिलमधून खालच्या भागाकडे पाहावे; पांढरी पूड दिसली आणि बोट लावताच पट्टी गळून पडली, तर कंडेन्सर बदलण्यावाचून उपाय नाही. वायरिंगच्या जोडांचेही तेच होते. तांब्यावर हिरवट थर चढतो आणि वरच्या प्लॅस्टिकमुळे तो दिसत नाही.

डिचोलीकर

आमच्याकडे शत्रू खारा वारा नसून लाल माती आहे. खनिजाच्या ट्रकांमागून साखळी-उसगाव परिसरात नियमित फिरणाऱ्या गाड्यांत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत मातीचा, पानांचा व किड्यांचा थर साचतो. पुढून पाहणाऱ्याला कंडेन्सर स्वच्छच दिसतो. तो धुताना साध्या नळाच्या पाण्याने, शक्य असेल तर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवावा. वॉशिंग सेंटरमधील जोरदार फवाऱ्याने पट्ट्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. हे नुकसान मी अनेक गाड्यांत पाहिले आहे.

कुशावती

मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे एक आकडेमोड येथे मांडण्याचा मोह आवरत नाही. गोव्यात पारा क्वचितच पस्तिशीच्या फार पुढे जातो, मग विदर्भातल्या मंडळींपेक्षा आपल्या गाड्यांच्या एसींवर ताण कमी असायला हवा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बाहेरची हवा आत घेतली जात असेल, तर उलट घडते.

३४ अंश तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता अशी आपली मे महिन्यातली दुपार धरली, तर प्रत्येक किलोग्रॅम कोरड्या हवेबरोबर सुमारे २२ ग्रॅम बाष्प असते. ही हवा १० अंशांपर्यंत थंड करायची म्हणजे त्यातले सुमारे १४ ग्रॅम पाणी कूलिंग कॉइलवर उतरवावे लागते, आणि बाष्पाचे पाणी होताना त्याची सुप्त उष्णता कॉइललाच शोषून घ्यावी लागते. नुसती हवा थंड करण्यासाठी सुमारे २४ किलोजूल लागतात, तर हे पाणी उतरवण्यासाठी सुमारे ३५. म्हणजे एकूण साठाच्या आसपास. त्याउलट ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या कोरड्या दुपारी त्या हवेत केवळ ७ ते ८ ग्रॅम बाष्प असते, १० अंशांपर्यंत त्यातले जवळजवळ काहीच गळत नाही, आणि एकूण भार सुमारे ३२ किलोजूलच भरतो. तिकडच्या गाडीच्या कंडेन्सरला अधिक तापलेल्या हवेत काम करावे लागते ही गोष्ट वेगळी. परंतु कॉइलवरचा भार आपल्याकडे जवळजवळ दुप्पट असतो, आणि कॉइलने शोषलेले सर्व काही शेवटी कंडेन्सरलाच बाहेर टाकावे लागते.

म्हणून बाहेरची हवा आत घेणारा पडदा नीट बंद होतो की नाही, हेही तपासावे. तो अर्धवट उघडा राहत असेल, तर निर्दोष एसीही आपल्या दमट हवेपुढे थकतो. दीर्घ प्रवासात मात्र अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी, कारण बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साचून चालकाला सुस्ती येते.

शीतचक्र

कुशावतीताईंची आकडेमोड प्रत्येक एसी मेकॅनिकने वाचावी अशी आहे. पुस्तकांत दिलेले 'जाळीत ४ ते ७ अंश' हे आकडे कोरड्या हवेतले असतात. गोव्यातल्या मे महिन्यात उभ्या गाडीत मधल्या जाळीत १० ते १३ अंश मिळत असतील, तर मी त्या एसीला निरोगी म्हणतो. हे माहीत नसल्यामुळे निष्कारण गॅस भरला जातो. गाडीखाली टपकणारे पाणी पाहून घाबरून येणारेही पुष्कळ असतात. तो कॉइलवर उतरलेल्या बाष्पाचा निचरा आहे आणि दमट दिवसांत तो टपकत नसेल, तरच काळजी करावी, कारण निचऱ्याची नळी तुंबली की तेच पाणी पायाखालच्या गालिच्यात मुरते.

पर्वरीकर

सर्वांचे आभार. सुचवलेल्या तपासण्या रविवारी दुपारी सोसायटीच्या आवारात केल्या. बाहेरचे तापमान ३३ अंश होते. आयडलिंगवर दहा मिनिटांनी जाळीत १४ अंश होते, पंचविसाव्या मिनिटाला २२ अंश झाले, आणि त्यानंतर क्लच सुटून तापमान २७ पर्यंत चढले. पंखा पूर्ण वेळ फिरत होता, त्यामुळे पाहणाऱ्या कोणालाही तो ठीकच वाटला असता. पण कागद ग्रिलवर चिकटला नाही. खालच्या कोपऱ्यातून हळूहळू घसरून पडला. क्लच सुटल्यावर कंडेन्सरवर पाण्याचा फवारा मारला, तेव्हा थोड्याच वेळात क्लच पुन्हा लागला आणि जाळीतले तापमान १३ अंशांवर आले. फवारा थांबवताच ते पुन्हा चढू लागले.

कंडेन्सरच्या पट्ट्या टॉर्चच्या उजेडात तपासल्या. थोडी धूळ आहे, परंतु पूड झडत नाही. आता गेज लावून दाब मोजणे आवश्यक आहे का?

शीतचक्र

तुम्ही उत्तम काम केले आहे. दोष उष्णता बाहेर टाकण्यात आहे, हे आता जवळजवळ निश्चित झाले. तरीही गेज लावावेच, कारण गेल्या वर्षी न मोजता भरलेल्या गॅसचा प्रश्न शिल्लक आहे.

गेज लावणाऱ्याला दोन वेळचे आकडे लिहून द्यायला सांगावे. एसी बंद असताना दोन्ही बाजूंचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या आधीच्या कमी दाबाच्या आणि नंतरच्या उच्च दाबाच्या बाजूचा, दाब सारखा असतो आणि तो फक्त तापमानावर अवलंबून असतो. ३१ अंशांना आर-१३४एचा दाब सुमारे १०० पीएसआय (दाबाचे एकक, पौंड प्रति चौरस इंच) भरतो, मग आत योग्य प्रमाणात गॅस असो वा त्याच्या निम्मा. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी काटा तिथेच उभा राहतो. 'बंद एसीत शंभर दाखवतो, म्हणजे गॅस भरपूर आहे' हे विधान म्हणूनच निरर्थक आहे. या वाचनाचा उपयोग उलट दिशेने होतो: दाब तापमानाच्या मानाने फारच कमी दिसला तर गॅस जवळजवळ संपलेला आहे, आणि बराच जास्त दिसला तर आत हवा शिरलेली आहे.

चालू एसीचे आकडे खरी माहिती देतात. ३३ अंशांच्या दुपारी कमी दाबाच्या बाजूला साधारण ३० ते ४५ आणि उच्च दाबाच्या बाजूला २०० ते २५० पीएसआय असावेत. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी आहे. कमी दाबाचा काटा वर आणि उच्च दाबाचा खाली, अशी जोडी दिसली तर कॉम्प्रेसर झिजला आहे. चांगल्या कॉम्प्रेसरला हे दोन आकडे एकमेकांपासून दूर ठेवता आले पाहिजेत. कमी दाबाचा काटा शून्याकडे किंवा त्याखाली ओढला जात असेल, तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये द्रव सोडणारी बारीक झडप) चोंदला आहे किंवा आत शिरलेली ओल तिथे गोठते आहे. आणि दोन्ही काटे वर असतील, तर गॅस जास्त झाला आहे, आत हवा आहे किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाही. या शेवटच्या अवस्थेत आणखी गॅस भरणे म्हणजे कॉम्प्रेसरला जाणूनबुजून मारणे होय.

क्लच सुटतो तेव्हा त्याच्या जोडावर व्होल्टेज येते का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. व्होल्टेज येत असूनही क्लचची थाळी ओढली जात नसेल, तर क्लचमधली फट वाढली आहे. ती बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.६ मिलिमीटरच्या दरम्यान असावी लागते, आणि क्लचमधली विजेची कॉइल तापून तिचा चुंबकीय जोर घटला की रुंद फट ओलांडली जात नाही. हा दोषसुद्धा नेमका दुपारच्या कोंडीतच दिसतो, म्हणून तो वगळून टाकणे आवश्यक आहे. व्होल्टेजच येत नसेल, तर एसी बंद करण्याचा हुकूम दाबाच्या स्विचने किंवा गाडीच्या संगणकाने दिलेला असतो. नव्या काही गाड्यांत क्लच नसतोच. त्यांचा कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतला व्हॉल्व्ह गॅसचे प्रमाण कमीजास्त करतो, तेव्हा तिथे 'टक' आवाजाची वाट पाहण्यात अर्थ नाही. विजेवरच्या गाड्यांचे कॉम्प्रेसर उच्च व्होल्टेजवर चालतात आणि त्यांचे तेलही वेगळे असते. त्यांना घरी हात लावू नये.

पर्वरीकर

गेजचे आकडे देतो. पणजीतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने माझ्यासमोर मोजले. सुरुवातीला कमी दाब ४४ आणि उच्च दाब २७५ पीएसआय होता. वीस मिनिटांनी ते अनुक्रमे ५५ आणि ३६० झाले, आणि उच्च दाबाचा काटा चारशेच्या पुढे जाताच क्लच सुटला. त्या क्षणी क्लचच्या जोडावरचे व्होल्टेज शून्य होते. म्हणजे दाबामुळेच एसी बंद केला जातो आहे.

शीतचक्र

आता चित्र स्पष्ट झाले. क्लच निर्दोष आहे, कॉम्प्रेसर तर इतका दाब निर्माण करतो आहे की त्याच्या ताकदीविषयी शंकाच नको. ५५ पीएसआयला आर-१३४ए सुमारे १४-१५ अंशांवर उकळतो, तर ३५ पीएसआयला सुमारे ४ अंशांवर. कॉइलमधला द्रवच १५ अंशांना उकळत असेल, तर जाळीतून १२ अंशांची हवा येणे शक्यच नाही. तुमच्या थर्मामीटरवरचे २२ अंश इथून येतात.

पंखा फिरतो पण हवा ओढत नाही, याची दोन कारणे संभवतात. मोटर झिजली असेल किंवा तिला पुरेशी वीज मिळत नसेल. मोटर बदलण्यापूर्वी ती चालू असताना तिच्या जोडावरचे व्होल्टेज मोजावे. जोड काढून, मोटर जोडलेली नसताना मोजू नये, कारण भार नसताना गंजलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते. त्यानंतर मल्टिमीटरची एक सळई पंख्याच्या ऋण वायरवर आणि दुसरी थेट बॅटरीच्या ऋण टोकावर धरावी. तिथे ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंग (वीज बॅटरीकडे परत नेणारा जोड) खराब आहे. वास्कोवासींनी लिहिलेला हिरवट थर माझ्या मनात घर करून आहे.

पर्वरीकर

अंदाज अचूक ठरला. इंजिन गरम असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि पंख्याच्या जोडावर केवळ १०.३. पंख्याची ऋण वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात ३.१ व्होल्ट दिसत होते. डाव्या हेडलाइटच्या मागे, गाडीच्या बॉडीच्या पत्र्यावर बोल्टने आवळलेल्या अर्थिंगच्या टर्मिनलखाली हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड निघाली. इलेक्ट्रिशियनने टर्मिनल कापून नवीन लावले, पत्रा घासून चकचकीत केला, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावले. आता तिथला फरक ०.१ व्होल्ट आहे. कागद ग्रिलला घट्ट चिकटतो आणि पंख्याचा आवाजच बदलला आहे.

सकाळी एसी चांगला का चालायचा, हेही त्याने समजावले. गंजलेला जोड वीज वाहताना तापतो, आणि जसजसा तापतो तसतसा त्याचा रोध वाढत जातो. त्यामुळे पंखा हळूहळू मंदावत असे.

तरीही उच्च दाब आयडलिंगवर २८० च्या खाली उतरत नाही. जाळीत १५ अंश आहेत. गेल्या वर्षीचा गॅस हेच याचे कारण असावे का?

शीतचक्र

बहुधा तेच. आता गॅस काढून वजन करणारे यंत्र ज्या कार्यशाळेत असेल तिथेच जावे. आतला सर्व गॅस यंत्रात ओढून घेऊन त्याचे वजन करावे, ते बोनेटखालच्या स्टिकरवर छापलेल्या ग्रॅमशी ताडून पाहावे. छोट्या गाड्यांत हे वजन बहुधा ३०० ते ५०० ग्रॅमच्या दरम्यान असते, तेव्हा पन्नास ग्रॅमची चूकसुद्धा मोठी ठरते. मग व्हॅक्यूम पंप किमान अर्धा ते पाऊण तास चालवावा. आपल्या दमट प्रदेशात या पायरीला पर्याय नाही, कारण पोकळीत पाणी खोलीच्या तापमानालाही उकळून निघून जाते, आणि राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आतले भाग कुरतडते. पंप बंद केल्यावर काटा पंधरा-वीस मिनिटे जागेवर राहिला पाहिजे. त्यानंतरच स्टिकरवरच्या वजनाइतका गॅस भरावा. 'पाइपवर घाम येईपर्यंत' भरण्याची जी पद्धत सर्रास चालते, तीमुळे आपल्या हवेत हमखास जादा गॅस भरला जातो, कारण इथे कोणत्याही थंड पाइपवर घाम येतोच.

बाटलीत मिळणारी गळती बुजवणारी रसायने आणि स्वस्त ज्वलनशील मिश्रणे या दोन्हींना स्पष्ट नकार द्यावा. पहिली यंत्रातच घट्ट होऊन व्हॉल्व्ह चोंदवतात, आणि दुसऱ्यांची गळती बंद गाडीत झाली तर एका ठिणगीने आग लागू शकते.

पर्वरीकर

काम पूर्ण झाले. स्टिकरवर ३८० ग्रॅम आहे. गाडीतून ४७० ग्रॅम निघाला. व्हॅक्यूम टिकला, ३८० ग्रॅम भरला. ३३ अंशांच्या दुपारी अर्धा तास आयडलिंगवर कमी दाब ३६, उच्च दाब २१५ आणि मधल्या जाळीत ११ अंश, असे आकडे मिळाले. काल पर्वरीच्या रांगेतही एसी एकदाही सुटला नाही. 'गॅस कमी आहे' हा सल्ला मानला असता, तर नव्वद ग्रॅम जादा असलेल्या गाडीत आणखी भर पडली असती. शीतचक्रबाब, आपण वेळ काढून प्रत्येक पायरी लिहिलीत, त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे.

म्हापशाचा_वाटसरू

संपूर्ण चर्चा वाचून माझे मत बदलले आहे. माझ्या गाडीत दर वर्षी गॅस खरोखरच कमी होतो, कारण भरल्यावर गारवा परत येतो. ही गळती कशी शोधावी, हे आपण लिहिणार होता.

शीतचक्र

गळणाऱ्या गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते, म्हणून सर्वप्रथम डोळ्यांनी शोधावे. नळ्यांचे जोड, कंडेन्सरचा खालचा भाग आणि कॉम्प्रेसरचा पुढचा भाग यांवर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, तर तिथे साबणाचे पाणी लावावे. गॅस भरण्याच्या तोंडांवरची प्लॅस्टिकची टोपणे आहेत का, ते पाहावे. आतल्या छोट्या व्हॉल्व्हमधून झिरपणाऱ्या गॅसला तेच टोपण अडवते, आणि अनेक गाड्यांत ते हरवलेले असते. हा सर्वांत स्वस्त दोष आहे, म्हणून त्याची आशा आधी धरावी.

तिथे काही सापडले नाही, तर गॅस काढून घेऊन कोरड्या नायट्रोजनच्या दाबाने तपासणी करून घ्यावी. काही ठिकाणी टायरमध्ये भरायची साधी हवा वापरतात. तिच्याबरोबर आपल्याकडची सगळी ओल आत जाते, तेव्हा त्याला परवानगी देऊ नये. केवळ व्हॅक्यूम टिकला यावरून गळती नाही असे मानू नये, कारण व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त एका वातावरणाचा दाब असतो, तर चालू एसीत आतून बाहेर त्याच्या पंधरापट दाब असू शकतो. अतिनील प्रकाशात चमकणारा रंग गॅसबरोबर घालून दोन-तीन आठवड्यांनी दिव्याखाली पाहणे हाही चांगला मार्ग आहे. कूलिंग कॉइल डॅशबोर्डाच्या आत असल्याने तिथली गळती दिसत नाही. तिथे निचऱ्याच्या नळीच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक शोधक धरावा, किंवा पाणी टपकते तिथे त्या रंगाची चमक दिसते का, ते रात्री पाहावे. कॉइलच गळत असेल, तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि खर्च वाढतो. तेव्हा कॉइलचा निर्णय बाकी सर्व जोड तपासून झाल्यावरच घ्यावा.

म्हापशाचा_वाटसरू

एक टोपण नाही, हे आत्ताच पाहिले. आतला व्हॉल्व्ह साबणाच्या पाण्याने तपासतो. तिथे बुडबुडे आले नाहीत, तर नायट्रोजन आणि वजनाचे यंत्र दोन्ही आहे का, हे आधी फोनवर विचारूनच गाडी कार्यशाळेत नेईन.